सोनार यंत्रावर दिसणारा कोकनी मासा गळाला का लागत नाही

प्रश्न असा आहे: "फ्रीमाँटला राहतो. सोळा फुटी जुनी ॲल्युमिनियमची बोट घेतली. जून-जुलैत लेक बेरिएसावर तीन फेऱ्या मारल्या. सोनारच्या (पाण्यातले मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर माशांचे थवेच्या थवे दिसतात, पण कोकनी सॅलमन एकही लागला नाही. गांडूळ लावून पाहिलं, मोठे स्पून (चमच्यासारखी धातूची आमिषं) ओढून पाहिले. डाउनरिगर (वजनाने आमिष हव्या त्या खोलीवर नेणारी चरखी) नाही. काय चुकतंय? आणि समुद्रात कधीच न जाणारा मासा सॅलमन कसा?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, दुसऱ्याचं शेवटी. तुमच्या बोटीत काही खोट नाही, कॅलिफोर्नियातल्या धरणाचा हा तलावही चांगला निवडलात. मात्र तुमचं आमिष चुकीच्या खोलीवर आहे, बहुतेक जास्त वेगाने पळतंय, आणि ज्या माशापुढे पळतंय त्याला ते खाद्य वाटतच नाही. या तिन्ही गोष्टी सुधारता येतात. त्यातली खोली सुधारली तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

मी मूळचा देवगडकडचा. लहानपणी खाडीत गरवायला जायचो. गरीला कोळंबी लावायची, तंगूस बोटाला गुंडाळायचं आणि भरतीची वाट बघत बसायचं, हे हाडात मुरलेलं. कॅलिफोर्नियात आल्यावर पहिले दोन हंगाम मी तेच करत राहिलो आणि रिकाम्या हाताने घरी आलो. खाडीत पाणी माशाला तुमच्याकडे आणतं. धरणाच्या पाण्यात तसं कोणी आणून देत नाही. तिथे मासा एका ठरावीक थरात राहतो आणि त्या थरात तुम्हालाच जावं लागतं.

आता हा मासा कोण ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कोकनी म्हणजे सॉकाय सॅलमनच, शास्त्रीय नाव ऑन्कोरिंकस नेर्का. फक्त जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा. (नावाचा आपल्या कोकणाशी काही संबंध नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या भागात बोलल्या जाणाऱ्या सॅलिश भाषांमधून तो शब्द आला आहे. आणि मुंबईच्या हॉटेलांत 'इंडियन सॅलमन' म्हणून जो मिळतो तो आपला रावस, त्याचं सॅलमनशी दूरचंही नातं नाही.) समुद्रात जाऊन आलेला सॉकाय सहज पाच-सहा पौंडांचा होतो. कॅलिफोर्नियातल्या तलावांतला कोकनी साधारण बारा ते सोळा इंचांचा. ओरेगनच्या वॉलोवा लेकमध्ये २०१० साली साडेनऊ पौंडांहून थोडा मोठा कोकनी मिळाला आणि तो जागतिक विक्रम ठरला, यावरून एकूण आवाक्याचा अंदाज येईल.

हा मासा खातो काय? डॅफ्निया. पाण्यात तरंगणारा बारीक जीव, मोहरीच्या दाण्याएवढा, बहुतेक वेळा त्याहूनही लहान. एखादा कोकनी साफ करताना कल्ल्याचं झाकण उचलून आत बघा. कमानीच्या आतल्या बाजूला दाट, लांब, कंगव्यासारखे काटे दिसतील. तोंडात आलेलं पाणी कल्ल्यातून बाहेर जातं आणि डॅफ्निया त्या कंगव्यात अडकतात. पोट चिरलंत तर आत गुलाबी-करडा लगदा निघतो, छोटी मासळी जवळजवळ कधीच नाही. म्हणजे तुमचं गांडूळ त्याच्या लेखी जेवण नाही आणि मोठा स्पून तर नाहीच नाही. मग तो गळाला लागतो तरी का? अनुभवी लोक म्हणतात, चिडून. आपल्या थरात काहीतरी चमकतंय, डुलतंय, हद्दीत घुसतंय, म्हणून तो त्यावर तुटून पडतो. माझंही मत हेच आहे. भुकेवर भरवसा ठेवून या माशाच्या मागे लागू नका.

आता थर. उन्हाळ्यात खोल तलावाचं पाणी एकजीव राहत नाही. वरचं पाणी तापून हलकं होतं आणि वरच तरंगत राहतं. खाली थंड, जड पाणी. दोघांच्या मध्ये एक पट्टा असा असतो की काही फुटांतच तापमान झपाझप उतरतं. कोकनीला ५० ते ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १० ते १३ सेल्सियस पाणी मानवतं. जुलैत बेरिएसाच्या पृष्ठभागावर ७५ च्या वर तापमान असतं. तिथे तो तग धरत नाही, आणि अगदी तळाशी त्याचं खाद्य विरळ होतं. म्हणून तो मधल्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला राहतो.

मी वही ठेवतो. तिच्यातला बेरिएसाचा ढोबळ हिशेब असा: मार्च-एप्रिलमध्ये वरच्या वीस फुटांत, कधी कधी पहाटे थेट पृष्ठभागाशी. मे अखेरीला तीस-चाळीस. जुलैत पन्नास ते सत्तर. ऑगस्टमध्ये ऐंशीच्याही खाली, आणि तेव्हा मासे धरणाजवळच्या खोल पाण्यात, नॅरोजपासून मार्कली कोव्हपर्यंतच्या भागात जास्त मिळतात. हे आकडे पाठ करू नका. पाऊस किती झाला, धरण किती भरलं, खालून पाणी किती सोडलं, यावर थर दरवर्षी वर-खाली होतो. त्याच दिवशी मोजणं हाच मार्ग. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. किमान तापमान नोंदवून ठेवणारा जलरोधक थर्मामीटर घ्या, दोरीला दर दहा फुटांवर गाठ मारा, टोकाला शिसं बांधा. एका खोलीवर सोडून तीन-चार मिनिटं थांबा आणि वर ओढा. खाली जावं तसं पाणी थंडच होत जातं, त्यामुळे नोंदलेलं किमान तापमान हे त्या खोलीचंच असतं. असं चार-पाच खोल्यांवर केलंत की वीस-पंचवीस मिनिटांत तलावाचा उभा छेद तुमच्या कागदावर येतो. पहिल्या दिवशी हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटेल. तरी करा.

आणि ते पडद्यावरचे थवेच्या थवे. प्रश्नात तुम्ही खोली लिहिलेली नाही, पण मला दाट शंका आहे की ते कोकनी नव्हतेच. बेरिएसात थ्रेडफिन शॅड नावाची छोटी मासळी भरपूर आहे. ती कोमट पाण्यात, वरच्या वीस-तीस फुटांत, ढगासारखा गच्च गोळा करून राहते. पडद्यावर असा घट्ट ढग दिसला की लोक हरखतात आणि तासभर तिथेच घिरट्या घालतात. कोकनी निराळा दिसतो: सुट्या सुट्या कमानी, जास्तीत जास्त विरळ झुबका, आणि सगळे जवळपास एकाच खोलीवर ओळीत. तुमच्या थर्मामीटरने जिथे ५२-५३ अंश सांगितले तिथेच अशा कमानी दिसल्या, तर तो तुमचा मासा.

पहाटेचं महत्त्वही इथेच कळतं. अंधारात आणि मंद उजेडात डॅफ्निया वर येतात, त्यांच्यामागे कोकनीही थोडा वर सरकतो. ऊन चढलं की सगळा कारभार खाली जातो. साडेपाचला चाळीस फुटांवर लागणारा मासा नऊ वाजता साठवर गेलेला असतो आणि माणूस चाळीसवरच आमिष ओढत 'आज मासे बंद झाले' म्हणत असतो. दर अर्ध्या तासाने पडदा बघा आणि पाच-पाच फूट खाली उतरा.

डाउनरिगर नाही, म्हणता. मेपर्यंत त्याच्यावाचून अडत नाही. वीस-पंचवीस फुटांपर्यंत लेडकोअर दोरी चालते: आत शिशाची तार, वर विणलेलं आवरण, दर दहा यार्डांना रंग बदललेला. कोकनीच्या मंद वेगात एक रंग सोडला की आमिष सुमारे पाच फूट उतरतं, म्हणजे चार-पाच रंगांत वीस-पंचवीस फूट. जुलैच्या साठ-सत्तर फुटांसाठी मात्र मी लेडकोअरच्या नादी लागू नका असंच सांगेन. शंभर यार्डांहून जास्त जड दोरी बाहेर, तिच्या टोकाला पाऊण पौंडाचा मासा, आणि तो लागलाय की नाही तेही हाताला कळत नाही. त्यापेक्षा हाताने फिरवायचा साधा डाउनरिगर सेकंडहँड घ्या. चरखी, पोलादी तार, टोकाला आठ-दहा पौंडांचा शिशाचा गोळा आणि तारेवर एक चिमटा. तुमचं तंगूस चिमट्यात अडकवायचं, गोळा हव्या त्या फुटावर सोडायचा. मासा लागला की चिमट्यातून दोरी सुटते आणि पुढे तुम्ही आणि मासा, मध्ये कसलंच वजन नाही. चिमटा हलका ठेवा. घट्ट चिमट्यातून बारा इंची कोकनीला दोरी सोडवता येत नाही, तो बिचारा अर्धा तास मागे ओढला जातो आणि तुम्हाला पत्ता नसतो. चिमट्यापासून आमिषापर्यंतचं अंतर वसंतात, मासा वर असताना, शंभर फुटांपर्यंत ठेवावं लागतं, कारण बोटीचा आवाज त्याला नको असतो. साठ फुटांखाली पंधरा-वीस फूट पुरतात.

आता आमिषाची मांडणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझे दोन हंगाम इथेच वाया गेले.

दोरीला आधी डॉजर. चार ते सहा इंचांची, किंचित वाकवलेली, चकचकीत धातूची पट्टी. तिचं काम माशाला दुरून बोलावणं आणि मागच्या आमिषाला झटके देणं. डॉजरच्या मागे दहा-बारा पौंडांचा ताण सोसणाऱ्या फ्लुरोकार्बन दोरीचा छोटा तुकडा आणि त्याला हूची, म्हणजे दीड-दोन इंचांचं रबरी माकूल, झालरीसारखे पाय असलेलं. आत मागेपुढे बांधलेले चार किंवा सहा नंबरचे दोन गळ. हूचीला स्वतःची काहीच हालचाल नसते, ती सगळी डॉजरकडून येते, म्हणून मधला तुकडा आखूड हवा: डॉजरच्या लांबीच्या दुप्पट ते अडीचपट. चार इंची डॉजरला आठ ते दहा इंच. पंधरा इंच ठेवलंत तर झटका वाटेतच विरतो आणि हूची मेल्यासारखी मागून येते. हूचीऐवजी फिरतं पातं असलेला छोटा स्पिनर लावलात तर तो स्वतः फिरतो, त्याला बारा-चौदा इंच चालतात.

तिसऱ्या हंगामात एका सकाळी बोट पाण्यात सोडायच्या उताऱ्यावर एक वयस्क गृहस्थ माझ्या बोटीशेजारी आले. त्यांच्या पेटीत सात-आठ कोकनी बर्फात ओळीने मांडलेले. त्यांनी मला काही शिकवलं नाही, फक्त म्हणाले की डॉजर बोटीच्या कडेला पाण्यात धर आणि नेहमीच्या वेगाने बोट चालव. मी धरला. तो पंख्यासारखा गरगर फिरत होता. त्यांनी मान हलवली आणि बोट हळू, आणखी हळू करायला लावली. वेग ताशी १.२ मैलांवर आल्यावर डॉजरने फिरणं सोडलं आणि तो डावीकडे-उजवीकडे डुलायला लागला, रमतगमत चालणाऱ्या कुत्र्याच्या शेपटीसारखा. मागची हूची प्रत्येक डुलण्याला टुणकन उडत होती. दोन वर्षं मी ताशी सव्वादोन मैलांनी एक भिंगरी तलावभर ओढत होतो. त्या दिवशी तीन मासे लागले.

तेव्हापासून एकही दोरी मी कडेला तपासल्याशिवाय खाली सोडत नाही. वेग ताशी ०.८ ते १.६ मैलांच्या मध्ये कुठेतरी जुळतो. मोटर त्याहून हळू चालत नसेल तर दोन्ही बाजूंना पाण्याची पिशवी, म्हणजे ड्रिफ्ट सॉक बांधा, बोट मागे खेचली जाते. आणि सरळ रेषेत जाऊ नका, नागमोडी चाला. वळताना आतल्या बाजूची काठी मंदावते आणि आमिष थोडं खाली बसतं, बाहेरच्या बाजूचं पळतं आणि वर उठतं. मासा कुठल्या काठीला लागला ते बघा. बाहेरच्या लागोपाठ दोनदा लागला तर त्या दिवशी त्यांना वेग जास्त हवाय. हा तलावाने फुकट दिलेला सल्ला असतो.

रंगांबद्दल लोक तासन्‌तास भांडतात. मी गुलाबी, नारिंगी आणि पोपटी-पिवळा एवढेच ठेवतो. खोली आणि वेग चुकलेला असताना रंग बदलत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

मका मात्र नक्की लावा. डब्यातला पांढरा, बारीक दाण्याचा शूपेग कॉर्न, प्रत्येक गळावर एकच दाणा, टोकापाशी आडवा टोचलेला. रात्री डब्यातलं पाणी काढून दाणे ट्यूना माशाच्या तेलात किंवा ठेचलेल्या लसणाच्या तेलात मुरवून फ्रीजमध्ये ठेवा. कोकनी मका खात नाही, त्याला मका माहीतही नाही, पण नुसत्या हूचीपेक्षा मका लावलेली हूची मला कित्येक पटींनी जास्त मासे देते. वास आणि चघळायला काहीतरी मऊ, एवढंच कारण असावं. दर वीस मिनिटांनी दाणा बदला, धुऊन पांढराफटक झालेला दाणा कामाचा नाही. काही राज्यांत मका लावायला बंदी आहे, तेव्हा कॅलिफोर्नियाबाहेर गेलात तर नियम वाचून जा. परवान्याचंही सांगतो: सोळा आणि त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला लागतो, २०२३ पासून तो घेतल्या तारखेपासून ३६५ दिवस चालतो, आणि एकाच वेळी दोन काठ्या लावायच्या तर वेगळी परवानगी घ्यावी लागते.

मासा लागल्यावर घाई करू नका. कोकनीचं तोंड ओल्या कागदासारखं असतं. आपण खाडीत तांबोशीला जसा हिसका देतो तसा दिलात तर गळासकट ओठच फाटून येतो. काठी सात-आठ फुटी आणि लवचिक हवी, निम्म्यापर्यंत वाकणारी. रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरी अडवणारा ब्रेक, इतका सैल की दोन बोटांनी दोरी ओढली तर निघावी. कोकनी पाण्याबाहेर उड्या मारतो, बोटीजवळ आला की गिरक्या घेतो, आणि सगळ्यात जास्त मासे सुटतात ते शेवटच्या सहा फुटांत. काठी वर, दोरी ताठ, जाळं आधीच पाण्यात बुडवलेलं, आणि मासा डोक्याच्या बाजूने जाळ्यात. दोरीने उचलून बोटीत घ्यायचा मोह कितीही झाला तरी टाळा.

एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. ऑगस्टमध्ये ऐंशी फुटांवरून, ५३ अंशांच्या पाण्यातून ओढलेला मासा ७८ अंशांच्या पाण्यात परत सोडलात तर तो पोहत गेल्यासारखा दिसतो, पण बहुतेक वेळा वाचत नाही. त्यामुळे लहान सोडायचा आणि मोठ्याची वाट बघायची, हा प्रकार उन्हाळ्यात करू नका. पहिले मिळाले ते तुमचे. त्या तलावाची त्या वर्षीची मर्यादा भरली की दोऱ्या गुंडाळा. लहान मासा ठेवला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कोकनीची वाढ खाद्याच्या वाटणीवर असते. तलावात फार झाले तर सगळेच बारीक राहतात.

बेरिएसातला हा मासा तिथे आपोआप टिकून राहिलेला नाही, हेही लक्षात असू द्या. मॉन्टिसेलो धरण १९५७ साली बांधून झालं. पुटा क्रीकच्या पाण्याखाली मॉन्टिसेलो नावाचं अख्खं गाव गेलं, दफनभूमीसुद्धा उचलून हलवली गेली. मी तिथे बोट घालतो तेव्हा कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावं मला हटकून आठवतात. अशा मानवनिर्मित तलावांत कोकनीला अंडी घालायला पुरेसे थंड, वाळू-गोट्यांचे ओढे सहसा नसतात. म्हणून राज्याचं मत्स्यखातं स्टॅम्पीड जलाशयाला मिळणाऱ्या लिटल ट्रकी नदीवर शरद ऋतूत चढणारे कोकनी पकडून त्यांची अंडी घेत आलं आहे. पिल्लं वाढवण्याचं काम फ्रेस्नोजवळच्या फ्रायंट इथल्या सॅन होआकिन केंद्रात होतं आणि तिथून बोटभर पिल्लं ठिकठिकाणच्या तलावांत सोडतात. ती गळाला लागण्याजोगी व्हायला दोनेक वर्षं जातात. एखाद्या वर्षी अंडी कमी मिळाली तर त्याचा फटका तुम्हाला दोन वर्षांनी जाणवतो. 'यंदा बेरिएसा आटला' असं ऐकाल तेव्हा हे कारण आधी तपासा.

धरणाचं पाणी सोडणं हाही मोठा भाग आहे. कोकनी खोल, थंड पाण्यात धरणाच्या भिंतीजवळ जमतो आणि पाणी सोडायची तोंडंही पुष्कळदा त्याच खोलीवर असतात. मोठ्या विसर्गात मासे पाण्याबरोबर पलीकडे ओढले जातात. आयडाहोतल्या ड्वॉरशॅक धरणावर हे इतकं झालं की तोंडांपाशी लुकलुकणारे प्रखर दिवे लावून मासे दूर ठेवता येतात का, याचे प्रयोग केले गेले.

पण कोकनीची सगळ्यात दुःखाची गोष्ट मोंटानातल्या फ्लॅटहेड लेकची आहे. तिथे १९१६ साली कोकनी आणले आणि ते छान रुजले. शरदात ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या मॅकडोनल्ड क्रीकमध्ये अंडी घालायला चढायचे, एखाद्या वर्षी लाखाच्या वर. ते खायला १९८१ मध्ये एका वेळी ६३९ गरुड मोजले गेले. दरम्यान वरच्या अंगाच्या तलावांत मायसिस नावाची छोटी कोळंबी सोडली होती, माशांना जादा खाऊ मिळेल या चांगल्या हेतूने. कॅनडातल्या कूटनी लेकमध्ये १९४९ साली हा प्रयोग झाला होता आणि तिथल्या एका फाट्यात कोकनी खरोखरच मोठे झाले होते. मात्र तिथे प्रवाह मायसिसला उथळ उंबरठ्यावरून उचलून माशांच्या तोंडाशी आणत होता. मायसिस वरून वाहत फ्लॅटहेडमध्ये आली, पण इथे तसं काही नव्हतं. मायसिस दिवसा खोल तळाशी बसायची आणि रात्री वर येऊन डॅफ्निया फस्त करायची. कोकनी दिवसा, डोळ्यांनी बघून खाणारा. म्हणजे मायसिस त्याच्या हाती लागेना, आणि त्याचं खाद्य मात्र ती संपवून बसली. त्यातच मायसिस खाऊन लेक ट्राउट वाढले आणि ते उरलेल्या कोकनींच्या मागे लागले. १९८७ साली त्या ओढ्यात सुमारे ३३० कोकनी आले, १९८९ मध्ये ५०. त्या वर्षी गरुड होते २५.

म्हणून बोट तपासणीच्या रांगेत कटकट वाटली तरी सहन करा. २०२४ च्या ऑक्टोबरात स्टॉकटनच्या बंदरात गोल्डन मसल हा परका शिंपला सापडला, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. शिंपलेही पाणी गाळूनच पोट भरतात, डॅफ्नियाच्या तोंडचा घास काढून घेतात. तेव्हापासून बऱ्याच तलावांनी तपासणी, सील, काही ठिकाणी बोट ठरावीक दिवस कोरडी ठेवण्याची अट घातली आहे. तुमची बोट स्टॉकटनकडच्या नद्यांच्या डेल्टात जात असेल तर बेरिएसाला निघण्याआधी फोन करून विचारा. प्रत्येक वेळी बोट, मोटर, मासे ठेवायची टाकी पूर्ण रिकामी करून वाळवा.

बोस्टनकडे असलेल्या मंडळींसाठी दोन ओळी, कारण तिकडूनही हाच प्रश्न येतो. मेनच्या सिबेगो लेकमधला किंवा मॅसॅच्युसेट्सच्या क्वाबिन जलाशयातला कोंडलेला सॅलमन हा अटलांटिक सॅलमन आहे, जात वेगळी, स्वभाव वेगळा. तो शिकारी आहे, स्मेल्ट नावाची बारीक मासळी खातो. वसंतात बर्फ फुटलं की स्मेल्ट ओढ्यांच्या मुखाशी जमतात आणि त्यांच्यामागे तो येतो. तिथे वरच्या पाण्यात, कोकनीपेक्षा जलद, स्मेल्टसारखी दिसणारी लांब पिसांची कृत्रिम माशी (फ्लाय) ओढायची. १९०७ साली सिबेगोत साडेबावीस पौंडांचा मिळाला होता. माझी मका-हूचीची पद्धत तिकडे नेऊ नका.

आता घरी नेण्याबद्दल. कोकनीचं मांस मऊ आणि तेलकट, उन्हात तासाभरात बिघडतं. पकडल्या पकडल्या कल्ले कापून पाण्याच्या बादलीत रक्त जाऊ द्या, मग बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ यांच्या काल्यात ठेवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवू नका. साफ करताना कण्याखालची काळी रक्ताची रेघ चमच्याने खरवडून काढा, उग्रपणा तिथेच असतो. कातडी ठेवा. हळद, मीठ, तिखट आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास, मग तांदळाच्या पिठात थोडा रवा घालून लोखंडी तव्यावर, तेल अगदी कमी, कारण त्याचं स्वतःचंच पुष्कळ सुटतं. नारळाच्या वाटपाचं कालवण मी दोनदा करून पाहिलं, फार जड होतं. तिरफळ घालून पातळ तिखलं मात्र उत्तम लागतं. बेरिएसाच्या आसपासच्या डोंगरांत पाऱ्याच्या जुन्या खाणी आहेत. बाससारख्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो, डॅफ्निया खाणाऱ्यात कमी, तरी घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर राज्याने त्या तलावासाठी दिलेला सल्ला पाहून घ्या.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. सॉकाय हा सॅलमनांमध्ये असा मासा आहे की ज्याची पिल्लं समुद्रात जाण्याआधी बहुधा एक-दोन वर्षं तलावात काढतात. तलावात जगणं त्याला मुळातच येतं. काही तलावांची वाट बंद झाली, काही ठिकाणी मासे आपणहून राहिले, आणि तलाव हाच त्यांचा समुद्र झाला. बाकी काही बदललं नाही. तीन-चार वर्षांनी तो जिथे जन्मला त्या ओढ्याचा वास शोधत येतो, अंडी घालतो आणि मरतो.

हे वाचून पटणार नाही, बघावं लागतं. ऑक्टोबरात मुलांना घेऊन लेक ताहोच्या दक्षिण टोकाला टेलर क्रीकवर जा. १९४४ साली उत्तर किनाऱ्यावरच्या मत्स्यबीज केंद्रातून हे मासे ताहोत आले. काठाने पायवाट आहे, ओढा गुडघाभर. काठी घरी ठेवा. तोपर्यंत मांसातली चरबी आणि रंग कातडीत, अंड्यांत गेलेला असतो, तो मासा खाण्याचा राहतच नाही. तुम्ही जुलैत पकडाल त्या चंदेरी माशाची ओळख लागणार नाही: अंग लालभडक, डोकं हिरवं, नराच्या पाठीला पोक आणि जबडा आकड्यासारखा वळलेला. मादी एका कुशीवर होऊन शेपटीने गोटे उडवते, थांबते, पुन्हा उडवते. काठाशी उकिडवं बसून तिची शेपटी बघा, घासून घासून कडेने पांढरी पडलेली असते.